एक्तोर लावो : शोकांतिका पुरे, गाण्याबद्दल बोलूया

उत्तररात्र

साल्साचा गायक एक्तोर लावो याच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात नवव्या मजल्यापासूनच होते. हेरॉइन, घराला आग, तरुण मुलगा गेला, हॉटेलच्या खिडकीतून उडी, एड्स, सेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. सगळं खरं आहे. पण एवढं वाचून झाल्यावरही हा माणूस गायचा कसा, याचा पत्ता लागत नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत साल्साच्या क्लासला जाणाऱ्यांनी त्याचा आवाज ढिगाने ऐकलेला असतो, नाव मात्र विचारलं तर खांदे उडवतात. म्हणून हा धागा काढतोय.

मूळ नाव एक्तोर हुआन पेरेस मार्तिनेस. जन्म ३० सप्टेंबर १९४६, कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोन्से गावी. आई लहानपणीच गेली. वडील गिटार वाजवायचे, गावातल्या समारंभांत गायचे. पोराला त्यांनी रीतसर संगीतशाळेत घातलं, तिथे तो सॅक्सोफोन शिकला. पण कान लागलेले रेडिओकडे. एकीकडे डोंगरातल्या शेतकऱ्यांची, म्हणजे 'हीबारों'ची गाणी गाणारे चुइतो आणि रामितो, दुसरीकडे शहरी नाचगाणी गाणारे इस्माएल रिवेरा आणि पोन्सेचाच चेओ फेलिसियानो. हे दोन प्रवाह त्याच्या गळ्यात शेवटपर्यंत वेगळे झाले नाहीत. त्याचं खरं भांडवल तेच, असं माझं मत.

मे १९६३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांचा विरोध डावलून तो न्यूयॉर्कला आला. विरोधाला कारण होतं. थोरला भाऊ तिथेच अमली पदार्थांपायी गेला होता. एक्तोर बहिणीकडे ब्रॉन्क्समध्ये उतरला आणि मिळेल त्या बँडमध्ये गाऊ लागला. 'लावो' हे आडनाव नव्हे. स्पॅनिशमध्ये आवाजाला 'ला व्होस' म्हणतात, त्याचंच हे घडवलेलं रूप.

१९६७ साली त्याची गाठ विली कोलोनशी पडली. कोलोन ब्रॉन्क्समध्येच जन्मलेला, वय वर्षे सतरा, हातात ट्रॉम्बोन. फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी १९६४ साली बासरीवादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी काढलेली. पाचेकोनेच कोलोनच्या पहिल्या तबकडीसाठी लावोचं नाव सुचवलं. 'एल मालो' म्हणजे 'वाईट पोरगा' ही ती तबकडी. ट्रॉम्बोनचा आवाज रासवट, कुठे कुठे चक्क बेसूर, आणि त्यावर हा खेड्यातून आलेला, नाकातला, उंच, काचेसारखा स्वच्छ आवाज. जाणत्या वादकांनी नाकं मुरडली, पोरांनी तबकड्या उचलल्या.

पुढच्या सहा-सात वर्षांत या जोडीने जे केलं, त्याला साल्सात तोड नाही. 'चे चे कोले'चं मूळ घानामधल्या मुलांच्या खेळगाण्यात आहे. 'आग्वानिले'मध्ये आफ्रिकी देवतांच्या पूजेतले पुकार. आणि १९७० च्या सुमाराची 'असाल्तो नाविदेन्यो' ही नाताळची तबकडी! पोर्तो रिकोत नाताळात रात्री-अपरात्री वाद्यं घेऊन ओळखीच्या घरावर 'हल्ला' करायची पद्धत आहे. घरच्यांनी उठायचं, खाऊ-पिऊ घालायचं आणि मग पुढच्या घरावरच्या हल्ल्यात सामील व्हायचं. कोलोनने या तबकडीत योमो तोरोला क्वात्रो वाजवायला बोलावलं. क्वात्रो म्हणजे पाच जोड्यांत दहा तारा असलेलं गावाकडचं वाद्य. ब्रॉन्क्सच्या बर्फात अडकलेल्या लोकांना ते ऐकून काय झालं असेल! आजही डिसेंबर लागला की पोर्तो रिकन घरांत हीच तबकडी वाजते.

१९७३-७४ मध्ये कोलोनने बँड मोडला. लावोच्या वेळा आणि सवयी हे त्याचं मोठं कारण होतं. पण मोडताना त्याने तोच बँड लावोच्या हवाली केला आणि पुढे त्याच्या तबकड्यांची निर्मितीही केली. १९७५ ची 'ला व्होस', १९७६ ची 'दे ती देपेंदे', १९७८ ची 'कोमेदिया'. चढती कमान इथवर. मग उतार, पण त्या उतारावरही १९८३ साली कोलोनबरोबर 'हुआनितो आलिमान्या' आहेच.

माझं म्हणणं एवढंच : त्याचं आयुष्य विसरून अर्धा तास नुसता गळा ऐका.

केळफूल

मस्त धागा! आमच्या कोथरूडच्या क्लासमध्ये सर 'वन-टू-थ्री, फाइव्ह-सिक्स-सेव्हन' करत याचीच गाणी लावायचे हे आत्ता कळलं. पण एक प्रामाणिक प्रश्न. गाणी लांबलचक असतात, अर्ध्यानंतर तेच तेच चालू राहतं. मागचे लोक एकच ओळ शंभरदा म्हणतात. कंटाळा येतो हो.

उत्तररात्र

केळफूल, तुम्ही जिथे कंटाळता तिथूनच खरं गाणं सुरू होतं.

साल्साच्या गाण्याचे ढोबळ दोन भाग. आधी लिहिलेलं गाणं, कडवी वगैरे. ते संपलं की 'मोन्तुनो'. त्यात मागचे दोघे-तिघे एक पक्की ओळ धरून ठेवतात आणि मधल्या मोकळ्या जागेत मुख्य गायक दर वेळी नवी ओळ टाकतो. आपल्या पोवाड्यातले झीलकरी आठवा. झील धरून ठेवणं हे त्यांचं काम, पुढचं शाहीर बघून घेतो. फरक इतकाच की इथे शाहिराने ती ओळ बहुधा तिथल्या तिथे रचायची असते. यमक जुळलं पाहिजे, लयीत बसलं पाहिजे, अर्थ लागला पाहिजे, आणि जागा मोजून चार आवर्तनांची. या ओळीला 'सोनेओ' म्हणतात, ती टाकणाऱ्याला 'सोनेरो'. न्यूयॉर्कमध्ये गायक पुष्कळ होते. सोनेरो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

लावो या जागेत काय काय करायचा! कोणाची टिंगल, स्वतःचीच टिंगल, गल्लीतली शिवी अर्धी गिळून, मध्येच हीबारोंचं 'ले लो लाय', मध्येच आईची आठवण. आणि कितीही वेगात असला तरी एक अक्षर चुरगळत नाही. मला स्पॅनिश बेताचीच येते, तरी त्याचे शब्द सुटे सुटे ऐकू येतात.

ठेकेदार

तबलेवाल्याच्या नजरेतून थोडी भर. नवीन ऐकणाऱ्याला साल्सात गोंधळल्यासारखं होतं, त्याला कारण आहे.

या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे'. दोन लाकडी दांडक्यांवर पाच ठोके. सोळा बारीक मात्रा धरल्या तर ठोके १, ४, ७, ११ आणि १३ वर. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. काही गाण्यांत उलट, आधी दोन मग तीन. बहुतेक वेळा दांडकी प्रत्यक्ष वाजतही नाहीत, पण पियानो, कॉंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), ट्रॉम्बोन आणि गायक, सगळ्यांच्या डोक्यात ती चालू असतात. कोणी उलट्या अर्ध्यावर पाय ठेवला की जाणकार लगेच तोंड वाकडं करतो.

दुसरी गंमत बासची. आपल्याला समेवर दणका हवा असतो. इथे बासवाला समेला हातच लावत नाही. पुढच्या आवर्तनाचा सूर तो एक मात्रा आधीच टाकून मोकळा होतो. आपला कान समेची वाट बघत बसतो आणि ती येऊन गेलेली असते.

आता लावो. तो या घाईच्या बासवर रेलून, किंचित मागे राहून गातो. ओळ संपेल की नाही अशी धाकधूक लावतो आणि शेवटचं अक्षर बरोब्बर क्लावेवर ठेवतो. १९७६ च्या 'पेरिओदिको दे आयेर'मध्ये मोन्तुनो सुरू झाल्यावर हे मुद्दाम ऐका. शिकवून येणारी गोष्ट नाही ही.

डावखुरा

ठेकेदार, दंडवत. वाचनखूण साठवली.

खडूस_मास्तर

जरा थंड पाणी ओततो. हा गृहस्थ कार्यक्रमाला तासन् तास उशिरा यायचा, कधी यायचाच नाही. लोकांनी तिकिटाचे पैसे मोजलेले असायचे. वर 'मी उशिरा येत नाही, तुम्हीच लवकर येता' अशा अर्थाची मल्लिनाथी करायचा म्हणे. आणि याला लोक लाडाने 'वक्तशीरपणाचा राजा' म्हणायचे! आपल्याकडे एखाद्या नटाने असं केलं तर खुर्च्या मोडतील. नशेबाजाचं कौतुक किती करायचं? प्रतिभा असली की सगळं माफ, हा न्याय मला पटत नाही.

सांजवात

मास्तर, माफ करा असं कोणी म्हणालेलं नाही. कोलोनने तरी कुठे माफ केलं? बँड मोडलाच ना.

पण 'नशेबाज' म्हणून निकालात काढणंही बरोबर नाही. १९७० च्या आसपास साउथ ब्रॉन्क्समध्ये हेरॉइन घरोघरी शिरलं होतं. इमारती जळत होत्या, नोकऱ्या गेल्या होत्या. लावोच्या सख्ख्या भावाचं काय झालं ते वर आलंच आहे. मी तिथल्या एका दवाखान्यात पुष्कळ वर्षांनी काम केलं. त्या पिढीतली वयस्क माणसं यायची, त्यांच्या प्रत्येकाच्या घरात असा कोणीतरी होताच. बहुतेकांना गाता येत नव्हतं, एवढाच फरक.

आणि १९८७ बघा. फेब्रुवारीत क्वीन्समधल्या घराला आग लागली, जीव वाचवायला खिडकीतून उडी मारावी लागली. मे महिन्यात सतरा वर्षांचा मुलगा मित्राच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीने गेला. त्याच सुमारास एचआयव्हीचं निदान. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं आणि लोक शेजारी बसायला घाबरायचे. मला त्याचं कौतुक नाही वाटत, वाईट वाटतं. दोन्ही वेगळं.

खडूस_मास्तर

ताई, आगीचं आणि मुलाचं माहीत नव्हतं. उशिराबद्दलचं मत मात्र कायम.

पणजीकार

अवांतर, पण खऱ्या नात्याचं. साल्साचं मूळ असलेले क्यूबाकडचे ठेके आपल्याकडे साल्सा क्लासच्या कितीतरी आधी पोचले होते. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे आमचे गोंयकार वादक रुम्बा, साम्बा कोळून प्यालेले असायचे. तेच दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी वाजवायचे. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकरअण्णा, आणि सोबत गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. 'शोला जो भडके'तला बोंगो ऐकून मग फानिया लावा. चुलतभाऊ वाटतील.

आता विषयाकडे. त्याच्या 'मी हेन्ते'बद्दल कोणी बोललंच नाही?

उत्तररात्र

पणजीकार, 'अलबेला'साठी एक कप चहा लागू.

'मी हेन्ते' म्हणजे 'माझी माणसं', हे पाचेकोने रचलेलं. १९७४ च्या सप्टेंबरात फानियाचा सगळा ताफा आफ्रिकेत किन्शासाला गेला होता. मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनच्या मुष्टियुद्धाच्या लढतीच्या निमित्ताने तिथे संगीत महोत्सव ठेवला होता. फोरमनच्या डोळ्याजवळ जखम झाली, लढत ऑक्टोबरअखेरीस ढकलली गेली, पण महोत्सव ठरल्या वेळी झाला. गायिका सेलिया क्रूझ होती, चेओ फेलिसियानो होता आणि लावोने 'मी हेन्ते' म्हटलं. त्याचं चित्रीकरण मिळतं, जरूर बघा. समोर भरलेलं स्टेडियम, त्यातल्या बहुतेकांना स्पॅनिशचा शब्द कळत नाही. हा बारकासा माणूस, मोठ्या चष्म्याचा, अंगविक्षेप नाहीत, नाचणं जेमतेम. आणि लोक त्याच्या प्रत्येक हाकेला ओ देताहेत.

मीच_तो

त्या 'गायका'च्या गाण्याची गोष्ट सांगा की कोणीतरी. सिनेमापण आला होता ना त्याच नावाचा?

उत्तररात्र

'एल कान्तान्ते', म्हणजे 'गायक'. १९७८, 'कोमेदिया' तबकडी, दहा मिनिटांहून मोठं. लिहिलं रुबेन ब्लेड्सने. हा पनामाचा, शिकलेला वकील. न्यूयॉर्कला आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती फानियाच्या टपाल खात्यात, पाकिटं लावायची. गाणं त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. कोलोनने गळ घातली की हे एक्तोरला दे, त्याला आत्ता गरज आहे. ब्लेड्सने दिलं. आशय साधा : मी गायक, तुम्ही मला ऐकायला येता, पैसे देता, टाळ्या वाजवता, पण मला काय दुखतं-खुपतं हे कोणी विचारत नाही. दुसऱ्याने लिहिलेलं हे गाणं पुढे लावोचं आत्मचरित्र म्हणूनच ओळखलं गेलं. ब्लेड्सने नंतर कितीही वेळा म्हटलं तरी ते लावोचंच राहिलं.

टपालावरून आठवलं. 'पेरिओदिको दे आयेर', म्हणजे 'कालचा पेपर', लिहिणारा तीते कुरेत आलोन्सो पोर्तो रिकोत टपाल खात्यातच नोकरीला होता. वीसेक वर्षं नोकरी केली आणि गाणी लिहिली शेकड्यांनी. तुझं प्रेम म्हणजे कालचा पेपर, सकाळी सगळ्यांनी वाचला, दुपारी शिळा. असली कल्पना टपाल छाटता छाटता सुचत असेल तर आपणही अर्ज करावा.

पैशांचंही सांगून टाकतो. फानियाच्या बऱ्याच कलाकारांनी पुढे रॉयल्टीवरून तक्रारी केल्या, ब्लेड्सचं तर कंपनीशी जाहीर वाजलं. लावो हिशेबात लक्ष घालणारा माणूसच नव्हता.

केळफूल

सिनेमा मी पाहिलाय! मार्क अँथनी आणि जेनिफर लोपेझ. रडून पुरेवाट झाली होती.

उत्तररात्र

गाणी मार्क अँथनीने जीव ओतून म्हटलीत, त्याबद्दल वाद नाही. पण सिनेमा बायकोच्या, पुचीच्या, मुलाखतीतून उलगडतो, त्यामुळे घरातली भांडणं आणि सुया भरपूर, आणि बँडमध्ये एक गाणं कसं उभं राहतं हे जवळजवळ नाहीच. कोलोन त्यावर नाराज होता आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. मी त्याच्या बाजूने.

घाटावरचा

माझ्या ऑफिसात पेरूतल्या लिमाचा एक सहकारी आहे. त्याच्यासमोर चुकून म्हणालो, 'लावो म्हणजे तो जेनिफर लोपेझच्या सिनेमातला ना?' दिवसभर बोलला नाही माझ्याशी. संध्याकाळी स्वतःहून आला आणि तासभर ऐकवलं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये लावो लिमाच्या 'फेरिया देल ओगार' या जत्रेत गायला, ते तिकडे अजून कालच झाल्यासारखं सांगतात. शेजारच्या कायाओ बंदरात तर भिंतींवर त्याची चित्रं काढलीत. म्हणाला, आमच्याकडे टॅक्सीत बसलास आणि ड्रायव्हरला लावो आवडत नसेल तर उतर, गडबड आहे.

ठेकेदार

कोलंबियातल्या काली शहराचंही तेच. ते स्वतःला साल्साची राजधानी म्हणवतात. १९६० च्या दशकात तिथल्या नाचऱ्यांना न्यूयॉर्कच्या तबकड्या संथ वाटायच्या, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी सरळ ४५ च्या वेगावर लावायचे. त्यावर नाचायचे! तिथली पावलं आजही बघा, डोळ्यांना दिसत नाहीत. लावो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काही महिने कालीत मुक्कामाला होता.

खडूस_मास्तर

एक विचारू का? शेवटचा कार्यक्रम वगैरे काही होता का? की नुसताच विझला?

सांजवात

जून १९८८, पोर्तो रिकोत बायामोनला मोठा कार्यक्रम ठरला होता. तिकिटं फार कमी खपली, संयोजकांनी कार्यक्रम रद्द केला. लावो म्हणाला, आलेत ना काही लोक, मी गाणार. आणि गायला, वीज तोडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते हॉटेलचं घडलं. त्यातून वाचला, पण आवाज आणि शरीर परत आलं नाही. २९ जून १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये गेला. आधी ब्रॉन्क्सच्या सेंट रेमंड दफनभूमीत होता, जिथे बिली हॉलिडेही आहे. २००२ मध्ये पुची गेल्यावर त्याला आणि मुलाला पोन्सेला नेलं, तिघं तिथे एकत्र.

खडूस_मास्तर

म्हणजे ज्या दिवशी थांबायला हक्काचं कारण होतं, त्या दिवशी गडी वेळेवर हजर. अवघड आहे.

बरं, कुठून सुरू करू ते सांगा. यांकी स्टेडियमवरच्या मैफिलीची तबकडी चांगली म्हणतात.

उत्तररात्र

मास्तर, आलात का रांगेत! त्या तबकडीत एक गोम आहे. २४ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर फानियाच्या मैफिलीला चाळीस हजारांवर लोक जमले. बेसबॉलचं गवत खराब होऊ नये म्हणून लोकांना मैदानात यायला बंदी होती. कॉंगांची जुगलबंदी रंगली आणि पब्लिक कठडे ओलांडून मैदानात घुसलं, कार्यक्रम तिथेच आटोपला. मग 'लाइव्ह ॲट यांकी स्टेडियम' म्हणून ज्या तबकड्या निघाल्या, त्यातला बराच मोठा भाग पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रोबेर्तो क्लेमेन्ते कोलिसेओमध्ये ध्वनिमुद्रित केलेला आहे. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जतन करायच्या यादीतही घातली, नाव तेच ठेवून.

तेव्हा तिच्यापासून नको. आधी 'असाल्तो नाविदेन्यो', मग 'दे ती देपेंदे', मग 'कोमेदिया'. हेडफोन लावून. 'पेरिओदिको'चा मोन्तुनो आला की मागच्यांची ओळ सोडून द्या आणि फक्त मधल्या जागा ऐका.

डावखुरा

योमो तोरो डावखुरा होता हे या धाग्यावर कोणीच लिहिलं नाही, निषेध.